भुलीच्या आधी खरं बोलावं लागलं

देव आपल्याकडं बघतो की नाही, असा प्रश्न मला बहात्तर वर्षांत पडला नव्हता. पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं तेव्हा पडला. मला कापाकापीची भीती नव्हती, भुलीची होती. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण भुलीतून उठल्यावर त्या स्वतःच्या लेकाला विचारू लागल्या, "तुम्ही कोणाकडचे पाहुणे?" पुढं चार महिने तसंच. मरण परवडलं, पण असं जगणं नको, एवढंच मी घरच्या बाळकृष्णाला सांगत होते. तो काही बोलत नव्हता.

ऑपरेशन सकाळी नऊला होतं. आदल्या रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं होतं. मुकुंदवाडीच्या घरी सहाला अंघोळ करून मी पूजा केली, वाटीभर दुधाचा नैवेद्य दाखवला आणि रोजच्यासारखा प्रसाद म्हणून पिऊन टाकला. प्रसाद तसाच ठेवून निघायचं माझ्यानं झालं नाही. प्रसादाला खाणं कोण म्हणतं, असंही मनाला सांगितलं. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "आजी, काही खाल्लं-पिलं?" मी म्हटलं, "नाय." माझा मुलगा सुरेश शेजारीच उभा होता. त्यालाही मी सांगितलं नव्हतं.

बाजूच्या खाटेवर शहागंजची एक बाई होती, तिच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान. तिचा नंबर माझ्यानंतर होता. मी सारखी घड्याळाकडं बघतेय हे पाहून ती म्हणाली, "अम्मा, डरू नका. अल्ला हाय."

"माझाबी देव हाय. सकाळी त्याचंच दूध पिऊन आले."

ती उठून बसली. "दूध? कितने बजे?"

"सहाला. प्रसाद व्हता तो."

"पेट को क्या मालूम, परसाद है के चाय है? आम्ही रोज्यात पाण्याचा घोट घेत नाय, अन् तुम्ही दूध पिऊन उपाशी. जाऊन सांगा त्यांना."

"तुला काय करायचं गं? गप पड."

"तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी भिंतीकडं तोंड केलं. ती सलाईनचा स्टँड ढकलत स्वतःच गेली आणि सिस्टरला सांगून आली. मला तिचा असा राग आला, की तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, भुलीत माणूस नुसता झोपत नाही, त्याचं गिळणं-खोकणंही झोपतं. तेव्हा पोटातलं दूध वर आलं तर फुफ्फुसात उतरतं, आणि मग माणूस वाचेलच असं नाही. "आजी, अजून काही लपवलंय?" त्यांनी विचारलं. आता काय लपवून ठेवायचं? चाळीस वर्षं दोन वेळा दातांना मिश्री लावते, तंबाखूची, हे सांगितलं. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते, तेही सांगितलं.

सुरेश म्हणाला, "आई, रोज घेते म्हणून मला शपथेवर सांगितलं होतंस."

"तुला सांगितलं व्हतं. यांना नाय."

जाऊबाईंचंही विचारलं. बाई म्हणाल्या, भुलीचं औषध यकृत आणि मूत्रपिंडं हळूहळू बाहेर काढतात, म्हाताऱ्या अंगाला वेळ लागतो, मेंदूलाही लागतो. बरेच जण दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतात, काहींना जास्त लागतात. "तुम्हाला काहीच होणार नाही, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. मला ते बरं वाटलं. खोटा धीर मला सोसत नाही.

माझं ऑपरेशन दुपारवर गेलं. नऊला माझ्या जागी बांगडीवालीला नेलं. जाताना तिनं विचारलं, "अम्मा, नाराज?" मी चादर तोंडावर ओढून घेतली. दुपारी टेबलावर झोपवलं तेव्हा नामस्मरण करायचं ठरवलं होतं, पण भीतीनं देवाचं नावच आठवेना. शेवटी मनात म्हटलं, बाबा, शहाणी ठेव नाहीतर वेडी ठेव, माझ्या हातात काही राहिलं नाही. मग काळोख.

शुद्धीवर आले तेव्हा भिंतीवर लाल मुंग्या चालत होत्या. सुरेशला मी माझा वारलेला भाऊ समजले आणि तू कधी आलास म्हणून रडले. हे मला नंतर सांगितलं, पण मधेमधे माझं मलाही कळत होतं, की मी जाऊबाईंच्या वाटेनं चालले आहे. ओरडावंसं वाटे, शब्द येत नसत. सुरेशनं माझा चष्मा लावून दिला, तो तासातासाला वार सांगत राहिला. छाती मोकळी व्हावी म्हणून मला बसवून एका यंत्राच्या नळीतून श्वास ओढायला लावायचे, त्या ओढीनं आतले तीन गोळे वर उचलायचे. मिश्रीचा कफ इतका सुटला, की खोकताना टाके तुटतील असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीकडं बघितलं. भिंत नुसती भिंत होती. मी सुरेशला म्हटलं, "दाढी कर, भिकारी दिसतोस." तो बाहेर जाऊन रडून आला.

बांगडीवालीला विचारलं, तर ती आदल्या दिवशीच घरी गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. देवानं माझ्याशी बोलावं म्हणून मी महिनाभर त्याच्यापुढं बसले होते. तो बोलला तेव्हा मी त्याला गप पड म्हटलं. आता पूजेला बसते, पण मागत काही नाही. कोणी तोंडावर खरं सांगितलं, तर राग येतो तो येऊ देते आणि ऐकते.