खटक्याखालचे निरांजन

नवे राज्य होऊन फार वर्षे लोटली नव्हती. नांदुऱ्याच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी काट्यावर कापूस मोजून घेत असे, तिथले तेलाचे इंजिन जाऊन वीज आली होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा होई, तशी आता विजेच्या मुख्य खटक्याचीही होऊ लागली: वर झेंडूचा हार, खाली तारांना खेटून फळीवर तुपाचे निरांजन.

जिनाच्या भिंतींवर गेल्या हंगामातली रुई अजून चिकटून होती आणि त्याच भिंतींवरून रबरी वेष्टणाची तार लाकडी पट्टीवर उघडीच नेलेली होती. आगीला दाद न देणारी तार तेव्हा आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती. पण निदान रबरी तार लोखंडी नळीतून न्यावी, हे सर्वांना ठाऊक होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हंगाम सुरू व्हायचा होता. सकाळी पाहतो तो निरांजनाच्या आचेने रबर फुगून पट्टीवर ओघळलेले. जळके रबर, तूप आणि कापूर यांचा मिळून दर्प सुटला होता. जिनाचे व्यवस्थापक, म्हणजे माझे थोरले बंधू, त्या जागी काळी चिकटपट्टी गुंडाळून वरून कुंकू फासत होते.

"दादा, हे काय करता?"

"पूजेची जागा दिसली म्हंजे कोनी हात लावत नाही. तू काट्यावर जाय."

शेजारी उभे असलेले जिनाचे मालक प्रसादाचे खोबरे चघळत हसले. "देवाच्या दिव्यानं आग लागते काय बे?" खोबऱ्याचा चोथा त्यांच्या ओठाला चिकटला होता.

मी फाटकाकडे गेलो. यंत्रात कापूस घालणाऱ्या बाया तिथे खोळंबल्या होत्या.

"काऊन उशीर होऊन राह्यला, बाबूजी?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईने विचारले.

जे पाहिले ते मी हळू आवाजात सांगितले.

"मंग मालकाले म्हना, पयले तुमी आत बसा अन् चालू करा," ती म्हणाली. "तुमी जितेजागते बाहीर आले, का आमी येतो."

बाया खळखळून हसल्या आणि फाटकाबाहेरच बसल्या. मी निरोप पोचवला; मालक काही आत बसले नाहीत. शिव्या घालत त्यांनी तारवाल्याला बोलावणे धाडले. तार नळीत गेली, तेव्हाच बाया आत गेल्या.

"परक्यांपुढं भावाले उघडं पाडलं तू," दादा म्हणाले.

 लोक पुढे माझ्या माणुसकीचे कौतुक करीत, तेव्हा मी अवघडून जाई. फाटकाकडे जाताना माझ्या मनात त्या बायांचा जीव नव्हता. दादांची कुंकवाने माखलेली बोटे होती आणि त्यांची मला शिसारी आली होती. ती आली नसती, तर मी मुकाट्याने काट्यावर गेलो असतो काय, हे मला आजही सांगता येत नाही.