पुस्तकातला शेवट

कमलताई गेल्याचा फोन मला आला नाही, तो मीच सगळ्यांना लावला. ओसरीतल्या आपल्या खाटेवर, माझ्या हातात हात ठेवून त्या गेल्या... महिना झाला. नणंदेबद्दल लिहायला बसले, तर आधी घोडीच आठवते.

रतन ही सासऱ्यांची घोडी. ताई लहानपणापासून तिच्या पाठीवर. मी सातवी शिकलेली, पण वाचनालयातलं पुस्तक हाती आलं की चुलीवरचं दूध विसरणारी. पुढे ताई एकट्या झाल्या, पवनारला माहेरी आल्या आणि टीव्हीपुढं आमची जोडी जमली. घोड्याचा सिनेमा लागला की पुस्तक मी तपासायचे, घोडं त्या. मी म्हणायचे, "पुस्तकात सरदार म्हातारा आहे, इथं जवान दाखवला." त्या म्हणायच्या, "थे जाऊ द्या वो वयनी, घामाघूम घोड्याले ढसाढसा पाणी पाजून राह्यला! पोट नाई दुखन का त्याचं? अन् पावलोपावली खिंकाळते काऊन? आपली रतन दाणा दिसला तरच तोंड उघडे." एकदा तर सिनेमाभर गाजलेली शूर घोडी पळताना पाहून पदर तोंडाशी धरून हसल्या, "घोडी कायची, घोडा हाय थो!"

खरं भांडण मात्र एका शेवटावरून. पुस्तकात घोडी मरते, सिनेमात घरी परत येते. मी आनंदानं डोळे पुसत म्हटलं, "असू द्या, लोकांना बरं वाटतं."

"ज्याची मेली त्याले नाई वाटत," ताई म्हणाल्या. "बाबा रतनचं डोकं मांडीवर घेऊन बसलते. थे काऊन लपवाचं?"

ताईंच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा घरच्यांनी ठरवलं, सांगायचं नाही. दवाखान्यात माझा मुलगा हसून म्हणाला, "आत्या, गॅस हाय. पोळ्यापर्यंत फिराले लागशीन." ताईंनी ऐकून घेतलं. तो बाहेर गेल्यावर माझ्याकडं वळल्या. "हा झाला सिनेमा. पुस्तकात काय हाय, वयनी?"

मी होतं तसं सांगितलं.

"मंग मले घरी न्या."

मुलगा रागावला, पण मी घरी आणलंच. केळझरच्या गणपतीला जाऊन आलो. येताना ताईंनी गरम जिलेबी खाल्ली, मलाही भरवली. मग खुंटीवरचा रतनचा लगाम काढून त्याला तेल लावायला शिकवलं. "चामडं रुसते वो, तेलाबिगर."

परवा तोच सिनेमा लागला. शेवटी घोडी घरी आली, सून टाळ्या वाजवायला लागली. माझ्या मांडीवर लगाम होता, बोटं तेलकट. खाटेकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पुस्तकात मरते, ताई."