बैलावरची बाई

दसऱ्यानंतरच्या सोमवारी रत्नागिरीतल्या एका खासगी शाळेच्या कमिटीने भिंतीवरच्या छापचित्रातली बाई खरवडून काढली. साल १९३०च्या आगेमागे. मी त्या शाळेत कारकून होतो. माझा थोरला भाऊ तिथेच चित्रकला शिकवी.

चित्र त्याने बदली झालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावातून आणलं होतं. कुठल्याशा जुन्या तैलचित्रावरून कोरून छापलेलं. झाडं, कमानीचे अवशेष, खाडीसारखं पाणी. खाली कोपऱ्यात दोन बोटांएवढा बैल आणि त्यावर उघड्या खांद्याची बाई. झाडं कशी काढावीत हे मुलांना दाखवायला त्याला ते हवं होतं. दसऱ्याला तो गावी गेला. इकडे कमिटीच्या मंडळींनी ते सरस्वतीच्या तसबिरीशेजारी मांडलं, नंदीवरची पार्वती म्हणून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चित्रात काठावर हात वर करून ओरडणाऱ्या त्या बाईच्या मैत्रिणी त्यांना आरती करताना दिसल्या.

सोमवारी अध्यक्षांनी भावाला सहज विचारलं, "मास्तर, ह्या पार्वतीच्या अंगावर दागिना कसा नाही हो?"

"ती पार्वती नाही. ग्रीकांचा एक देव बैल होऊन राजकन्येला पळवतोय."

"मग आम्ही नारळ फोडला तो कुणाला?"

"बैलाला," मागून कोणीतरी म्हणालं. हसू दाबलं गेलं. अध्यक्ष लाल झाले.

"झाडं बरी आहेत, झाडं राहू देत. बाई काढा. तुम्हीच काढा, मास्तर. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

चित्र टेबलावर आलं. चार महिने त्याकडे नीट न बघितलेले पाचही सभासद आता त्यावर ओणवे झाले. एकाने खिशातून भिंग काढलं. "थांबा, थांबा, घाई कसली?" दुसऱ्याने भिंग ओढून घेतलं. त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास अजून आठवतो आणि शिसारी येते.

भावाने चाकू हातात घेतला, खाली ठेवला. "हे माझ्याच्याने होणार नाही."

अध्यक्षांनी मला चित्राचा कागद धरायला सांगितलं. मी धरला. त्यांनी स्वतः खरवडलं. बाई गेली, बैलाचं अर्धं तोंडही गेलं. भुकटी त्यांनी फुंकरीने उडवली, ती माझ्या बाहीवर पडली.

सभेचा वृत्तान्त मीच लिहिला. चित्रकला शिक्षकाने राजीनामा दिला, असं लिहून झाल्यावर 'स्वखुशीने' हा शब्द घालायला सांगण्यात आलं. मी घातला. पुढच्या आठवड्यात भाऊ लांज्याला गेला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला.