उपरण्याखालची नीती

अमरावतीच्या आमच्या इंग्रजी शाळेत नीतिशास्त्र शिकवायला एकच मास्तर उरले होते. बाकीचे कापसात गेले. विलायतेला दुसरीकडचा कापूस मिळेनासा झाला, आमच्याकडचा भाव चढला आणि इकडे ज्याला त्याला दलालीची स्वप्नं पडू लागली. हे मास्तर देशावरून आलेले, अंगावर पांढरंशुभ्र उपरणं, वाणी अशी की ऐकणाऱ्याला आपण जन्मजात पापी आहोत असं वाटावं. तेही सकाळी बाजारात एक फेरी मारूनच सत्यावर बोलायला येत. उपरण्याला चिकटलेला कापूस ते बोलता बोलता वेचून टाकत.

पुस्तकात दहा सद्गुण होते. त्यांचा अर्थ आम्हाला कुणी विचारला नाही. परीक्षा घ्यायला येणाऱ्या साहेबाचं मराठी बेताचं, म्हणून तो फक्त 'दया कितवी? क्षमा कितवी?' एवढंच विचारी. आकडा बरोबर आला की मुलगा नीतिमान. माझं पाठांतर कच्चं होतं. दर्यापूरकडे आमची काळी जमीन होती, आणि वडिलांनी मला बजावलं होतं, "पास झाला त शिक बापा. नाई त गाड्या हाकाले ये. कापसाच्या गाड्याले माणूस भेटून नाई राहिला." मला शिकायचं होतं. खरंच शिकायचं होतं.

मास्तरांना आमची काळजी होती, म्हणजे स्वतःच्या नोकरीची. त्यांनी बाजारातली युक्ती वर्गात आणली. दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. परीक्षेच्या आधी आठवडाभर मास्तरांनी आम्हाला हेच शिकवलं. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. इतक्या तळमळीनं त्यांनी सत्यसुद्धा शिकवलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी ते प्रत्येक पोराजवळ येऊन उभे राहिले आणि धीर देतोय असं दाखवत त्याचा हात उपरण्याखाली घेतला. पोरं धडाधड आकडे सांगत सुटली. साहेब खूश. माझी पाळी आली तेव्हा मात्र त्याला काय हुक्की आली कोण जाणे. आकडा न विचारता तो म्हणाला, "असत्य म्हणजे काय? एक उदाहरण सांगा."

मास्तरांनी माझं एक बोट दाबलं, मग दोन, मग पंजा. ह्याला आकडा नव्हताच. माझ्या डोळ्यांपुढे गाड्या दिसू लागल्या. उदाहरण एकच सुचलं, ते माझ्या हातातच होतं. मी उपरणं वर उचललं.

"हे पाहा, साहेब. मास्तर मले बोटं दाबून सांगून राहिले."

साहेबानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उपरणं सावरत अदबीनं म्हणाले, "साहेब, ही इकडची रीत आहे. बाजारात कापसाचा भाव असाच ठरतो."

कापूस म्हणताच साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं खुर्ची पुढे ओढली, स्वतःचा गोरा हात उपरण्याखाली घातला, आणि दोघांची शिकवणी सुरू झाली. मी तिथेच उभा होतो. मला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

सगळा वर्ग नीतीत पास झाला, मी सोडून. मास्तरांनी कारण दिलं, गुरुभक्तीचा अभाव. माझं पाठांतर कच्चं खरं, पण गुरुभक्ती चौथी, हे मी तेव्हापासून विसरलो नाही. त्या संध्याकाळी मी पोटभर रडलो.

वडिलांनी गाड्यांऐवजी मला अकोल्याच्या एका दलालाकडे नेऊन बसवलं, एवढीच त्यांची दया. ती कितवी, आठवत नाही. दलालानं पहिल्याच दिवशी माझा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबली. मी लगेच आकडा सांगितला. तो चकित झाला.

"काहून रे, हे तुले कोनं शिकवलं?"

"शाळेत," मी म्हणालो. "नीतीच्या तासाले."