सुकलूचा एक शब्द

नागभीडच्या स्टेशनामागे दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. ख्रिस्ती धर्मग्रंथाचं गोंडी भाषांतर तिथे चालायचं. माणसं तीन. ग्रीक शिकून आलेले प्रफुल सर, जन्मापासून गोंडी बोलणारा सुकलू नरोटे, आणि टायपिंग करणारी मी, संघप्रिया. मी बौद्ध घरची. सुकलू आपल्या गावदेवांना मानणारा. म्हणजे तिघांत त्या ग्रंथावर श्रद्धा असलेला माणूस एकच होता आणि आमचा साहेबही तोच होता.

सुकलूचं गाव आरमोरीच्या पुढे, बस सोडून दीड तास पायी. आश्रमशाळेतून दहावी झालेला गावातला तो पहिला. त्या दहावीचा उपयोग काय, तर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शीगिरी आणि जंगलाला आग लागली की ती विझवायला रोजंदारी. पस्तिशीत त्याला आमच्याकडे खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला आणि 'सुकलूजी' म्हणणारा साहेब मिळाला. ते 'जी' त्याला फार लागू पडलं. त्याने चष्मा केला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ग्रीक अक्षरं गिरवायला लागला. मी चिडवायची, सुकलूभाऊ, आता बुधरीबाईला भाकर ग्रीकमध्ये मागता की काय? तो हसायचा आणि परत गिरवत बसायचा.

आमच्या कामाची एक रीत होती. केलेला मजकूर गावात नेऊन, तो कधीच न ऐकलेल्या लोकांना वाचून दाखवायचा, प्रश्न विचारायचे आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. भाषांतर करणाऱ्याने तेव्हा पाठ फिरवून गप्प बसायचं. लोकांना कळलं नाही तर चूक लोकांची नाही, मजकुराची, असं सर म्हणत. त्यांचं हे मला मनापासून आवडायचं.

घोडं अडलं ते एका शब्दापाशी. ग्रीकमध्ये शब्द आहे 'फोबोस'. सरांनी फळ्यावर लिहून समजावलं होतं, की माणूस घाबरून पळतो तेव्हाही हाच शब्द येतो आणि देवापुढे नम्र होतो तेव्हाही हाच. कबर रिकामी बघून बाया पळत सुटतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, तिथे हाच. पहिल्या ख्रिस्ती मंडळीतले लोक देवाचा मान राखून चालतात, तिथेही हाच. एक गोष्ट सर रंगवून सांगायचे. तळ्यावर वादळ उठतं, नावेतली माणसं भेदरतात. मग त्यांचा गुरू वादळाला गप्प करतो. पाणी शांत होतं आणि त्यानंतर ती माणसं पहिल्याहून जास्त भितात.

ही गोष्ट आम्ही सुकलूच्या गावात वाचली. ऐकणाऱ्यांत बुधरी, सुकलूची बायको, पुढेच बसली होती. सुकलू ऑफिसातलं काही घरी सांगत नसे, म्हणून ती आम्हाला चालली. सरांनी विचारलं, वादळ गेल्यावर ही माणसं जास्त का भ्याली? बुधरी गोंडीत बोलली आणि कामापुरती गोंडी येणाऱ्या सरांनी मला लिहायला मराठी करून सांगितलं: "वादळ तर नुसतं मारतं. ज्याने वादळ थांबवलं तो काय करील, हे कोणाला माहीत?"

सर खूश झाले. पण वरच्या समितीला ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जनावराला भितात तसं देवाला भ्यायचं हा गैरसमज होईल. भीतीला एक शब्द ठेवा, आदराला वेगळा. सुकलू महिनाभर अडून बसला. आमच्या गावात हे वेगळं नाही, म्हणायचा. आधी भेव, मग मान, असं काही नसते, दोन्ही मिळून एकच गोष्ट. सर त्याला रोज समजावत. शेवटी सासऱ्यासमोर, गावातल्या म्हाताऱ्यांसमोर जसं वागतात त्याला जो शब्द आहे, तो त्याने आदरासाठी काढून दिला. मी टाइप केला. समितीने पाठ थोपटली.

इथवर ठीक होतं. पण सुकलू ते घरी घेऊन गेला. जो माणूस ऑफिसचा चकार शब्द घरी सांगत नव्हता, तो आता गावात बसून सगळ्याचे दोन ढीग करायला लागला. मान ठेवणं शहाणपणाचं, भ्यायचं ते अडाण्याचं. मला ते ऐकून बरंच वाटायचं, हेही लिहून ठेवते. देवाला भ्यायची रीत आमच्या घरातून छप्पन्न सालीच गेली होती. मला वाटलं, चला, सुकलूभाऊही सुटले.

त्याच्या गावात वाघाला वाघ म्हणत नाहीत, 'मोठा' म्हणतात. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत मोहाच्या झाडांखाली त्याचा पंजा उमटलेला दिसला, की गावचा पुजारी वाटेवर एक हिरवी डहाळी आडवी टाकतो. पाच दिवस डहाळीपलीकडे कोणी जात नाही. खाली पडलेली फुलं कुजली तरी चालतील, ती त्याच्या वाट्याची. पाचव्या दिवशी पुजारीच डहाळी उचलतो आणि बाया टोपल्या घेऊन निघतात. कोणाला विचारलं की हे तुम्ही भिऊन करता का मान म्हणून करता, तर त्यांना प्रश्नच कळत नाही.

त्या मार्चमध्ये डहाळी पडली तेव्हा सुकलू शनिवार-रविवारला घरी होता. त्याची चार झाडं पलीकडे. सोमवारी पहाटे बस धरायला निघताना बुधरीला म्हणाला, की मान द्यायचा तो द्यावा, डहाळीला हात जोडावे, पण भिऊन घरी बसायचं कारण नाही. बुधरी जन्मात कधी डहाळी ओलांडून गेली नव्हती. पण सांगणारा नवरा दहावी शिकलेला, डोळ्याला चष्मा, ग्रीक लिहिणारा. मंगळवारी उजाडताना तिने टोपली घेतली. बरोबरच्या बाईने, सोमारीने, तिला थांबवलं. सोमारीने नंतर सांगितलं, की बुधरीने टोपली खाली ठेवली, वाकून डहाळीला हात लावला, कपाळाला लावला आणि मग ती पलीकडे गेली. दुपारी गावाने तिला उचलून आणलं.

मान तिने पूर्ण दिला होता. भीती तेवढी नवऱ्याच्या सांगण्यावरून घरी ठेवून गेली. मला हे आठवलं की आजही संताप येतो, आणि तो वाघाचा येत नाही.

गावाने सुकलूला एका शब्दाने बोल लावला नाही. ते त्याला जास्त जड गेलं असावं. दिवस करून तो ऑफिसला परत आला तेव्हा ग्रंथ छापायला जायला चार दिवस होते. तो सरळ सरांपुढे उभा राहिला आणि म्हणाला की सगळीकडे एकच शब्द करा. सर उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. ग्रीकमध्ये एकच आहे हे त्यांनी कबूल केलं. पण समितीची मंजुरी झाली आहे, आता बदललं तर लोक देव म्हणजे वाघच समजतील, पुढच्या आवृत्तीत बघू, असं समजावत राहिले.

"सर, तुमच्या ग्रंथात तो एक होता," सुकलू म्हणाला. "मी तोडला. मले जोडू द्या."

सरांनी मान खाली घातली आणि नाही म्हटलं.

छपाईची फाइल पाठवायचं काम माझं. त्या दिवशी सर चंद्रपूरला गेले होते. दुपारी सुकलू माझ्या टेबलापाशी आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. कम्प्युटरवर एक शब्द काढून सगळीकडे दुसरा टाकायला किती वेळ लागतो, एवढंच त्याने विचारलं. दोन मिनिटं, मी म्हटलं. खोटं बोलायला सुचलं नाही.

"मंग टाका, बाई. कोणी विचारलं त माझं नाव सांगा."

मी फाइल उघडली. आदराचा तो शब्द शोधून काढला. दोनशेच्या वर ठिकाणी होता. बोट बटणावर होतं. आणि मग मी बोलायला लागले. सरांनी विश्वासाने काम सोपवलंय, समितीचा ठराव आहे, असं माझ्या हाताने कसं करू. बरंच बोलले. खरं एवढंच होतं, की ही नोकरी गेली तर नागभीडमध्ये मला दुसरी कोणी देणार नव्हतं आणि साक्षी, माझी मुलगी, बारावीला होती. सुकलूने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमाले त्या समितीबद्दल मान हाय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं हे एकच खरं वाक्य.

त्याने स्क्रीनवरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. रागावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

"म्हणजे निस्तं भेवबी असते," तो म्हणाला. "मले वाटे, असं नसते. मीच चुकून राह्यलो होतो. मंग दोन शब्द पायजेतच, बाई. राहू द्या."

चष्मा काढून त्याने खिशात ठेवला आणि तो स्टेशनाकडे निघून गेला. फाइल मी संध्याकाळी पाच वाजता तशीच पाठवली.