उशीचे पिवळे अभ्रे

तो तलवारबाजीचा जुना चित्रपट टीव्हीवर लागला की सून हमखास हाक मारते, "आई, तुमचा पिक्चर लागला." मी बघते, पण शेवटाच्या आधी उठते. शेवटी नायक तोंडावरचा काळा रुमाल काढतो आणि नायिका त्याच्या गळ्यात पडते. तेवढं मला बघवत नाही.

पहिल्यांदा तो पाहिला पासष्टच्या लढाईत. लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. लढाई सुरू झाली आणि दारूगोळ्याच्या फॅक्टरीत यांची पाळी आठाची बारा तासांची झाली. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे खोलीत दिवसाही अंधारच. हिंदी मला धड येत नव्हती. शेजारणी बोलायला लागल्या की मी हसून नुसती मान हलवायची. कधीकधी संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाजसुद्धा कानावर पडायचा नाही, मग मी भांड्यांशी बोलायची. हसायचं तर हसा.

हेही बोलत नसत. आज काय काय झालं असं विचारलं की, "काही नाही, दिवसभर कागद लिहून राहिलो," एवढंच. लग्न ठरताना त्यांनी आपण फॅक्टरीच्या ऑफिसात कारकून आहोत असं सांगितलं होतं. माझ्या काकांचा हात अशाच एका कारखान्यात बॉम्बगोळे भरताना गेला होता. तसलं काम करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, असं वडिलांनी आधीच ठणकावलं होतं. रोज सकाळी हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून निघत. त्या पेनाचा मला फार अभिमान होता.

माझं भांडण होतं ते धोब्याशी. यांच्या उशीचे अभ्रे पिवळे पडायचे, बनियन पिवळ्या पडायच्या. मी मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला फैलावर घ्यायची. तो म्हणायचा, "बहूजी, ये दाग धुलाई का नहीं है." मला वाटायचं, एक तर कामचुकार आणि वर तोंड करून बोलतो.

एका दुपारी शेजारच्या भाभी मला बळेच बायकांच्या खास खेळाला घेऊन गेल्या. चित्रपटातला नायक एरवी अत्तर लावून हिंडणारा, तलवार दिसली की दचकणारा नवाबजादा. तोच तोंडाला काळा रुमाल बांधून निघाला की एकटा दहा शिपायांना लोळवायचा. हा रुमालवाला कोण, हा साऱ्या राज्याला प्रश्न. आणि जिच्याशी त्याचं लग्न ठरलेलं, ती रोज त्याच्यासमोर बसून बुद्धिबळ खेळते, तरी तिला पत्ता नाही!

भाभी चणे खाता खाता मोठ्याने म्हणाल्या, "कैसी औरत है! वही हाथ, वही चाल, फिर भी पहचानती नहीं!" आसपासच्या बायका हसल्या. मीही हसले. तेवढ्यात पडद्यावर त्याची बोटं आली आणि मला यांची बोटं आठवली. नखांच्या कडा कायम पिवळ्या. ते जेवत असताना मी म्हणायची, उद्यापासून भाजीत हळद कमी घालते.

परतताना मी गल्लीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. भाभींच्या दोरीवर पिवळा अभ्रा होता. त्यांचे यजमान फिलिंगमध्ये, म्हणजे गोळ्यांत बारूद भरायच्या विभागात होते. मी खुणेनं विचारलं. भाभींना नवल वाटलं, त्या म्हणाल्या, ही पिवळी बारूद घामातून कपड्यांत उतरते, तुझ्या नवऱ्याचंही तेच, दोघं एकाच बाकावर काम करतात, तुला ठाऊक नाही? अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

भीती नंतर वाटली, आधी संताप आला. आज विचारायचंच, असं ठरवलं. हे आले, हात धुऊन पाटावर बसले. मी वाढताना शब्द जुळवत राहिले. विचारलं तर यांची मान माझ्यासमोर कायमची खाली जाईल, आणि वडिलांच्या कानावर गेलं तर ते मला घेऊन जातील. मला जायचं नव्हतं.

"काहून गप्प आहेस?"

"काही नाही," मी म्हटलं.

आठवड्याभरात, भर दुपारी, फॅक्टरीचा भोंगा अवेळी वाजला. गल्लीतल्या बायका फिलिंगच्या गेटकडे धावत सुटल्या. कारकुनाच्या बायकोला तिकडे जायचं काही कारण नव्हतं. मी उंबऱ्यात क्षणभर थांबले आणि धावले.

कुणाला काही झालं नव्हतं. खबरदारी म्हणून माणसं बाहेर काढली होती. सगळ्यांच्या अंगात बिनखिशाचे, बटणांऐवजी नाड्या बांधलेले जाडेभरडे कपडे होते. त्या घोळक्यात मी यांना चालीवरून ओळखलं. त्यांनीही मला पाहिलं आणि ते गेटच्या जाळीपाशी आले.

"इथं काहून आली तू?"

"भाजी घ्यायला."

माझ्या हातात पिशवी नव्हती. पायात चपलाही नव्हत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या कपड्यांकडे.

"ऑफिसात सफाई चालू आहे," ते म्हणाले. "म्हणून हे कपडे दिले सगळ्यांना."

"हो का," मी म्हटलं.

मला त्यांना घट्ट धरायचं होतं, खोटं का बोललात म्हणून भांडायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मग आत बोलावणं आलं आणि ते गेले.

संध्याकाळी ते पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावून परतले. हातात पालकाची जुडी होती. "तुझी भाजी राहिली असेल," म्हणाले. मी पालक निवडायला बसले.

पुढे वडील गेले, लपवायचं कारणही गेलं, पण सवय काही गेली नाही. भोंगा वाजला की मी घरात एकटी बसून जीव मुठीत धरायची. त्यांनीही आपली भीती कुणाला सांगितली असेल, असं मला वाटत नाही. एका छपराखाली आम्ही दोघं इतकी वर्षं असे एकेकटे राहिलो. ते शेवटपर्यंत माझ्यासाठी कारकूनच होते.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी उशीचा अभ्रा पहिल्यांदा पांढरा राहिला. मी तो अंगणात वाळत घातला. हे चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे होते.

"धोबी चांगला मिळाला वाटते आता," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "नवा आहे."