वहिनी पलंग जोडतात

आमच्या दुकानात सगळे त्यांना वहिनी म्हणतात. माल रवाना करायच्या टेबलावर मी बसतो. कुठलं खोकं कुणाच्या घरी जाणार आणि ते जोडायला कोण जाणार, हे मी ठरवतो. तेव्हा वहिनी जे जिने चढल्या त्यातले निम्मे माझ्यामुळे, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांचे यजमान सुतार. नुसतं मिस्त्री म्हटलं तरी आमच्या भागात दुसरं कुणी डोळ्यांसमोर यायचं नाही. ते ज्या कारखान्यात होते तिथेच वहिनी बारा वर्षं लाकूड घासायच्या, पॉलिश करायच्या. एका दुपारी कापायच्या मशीनमध्ये मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाकीची राहिली, पण मूठ मिटेना. माणूस घरी बसला तो बसलाच.

वहिनी काम मागायला आल्या तेव्हा मॅनेजरने त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि हे बायकांचं काम नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. कोपऱ्यात एक बुकशेल्फ अर्धवट पडलं होतं, त्याच्यापुढे आमच्या माणसाने हात टेकले होते. त्या खाली बसल्या, सगळे स्क्रू लांबीप्रमाणे रांगेत लावले, आणि पाऊण तासात शेल्फ उभं केलं. मॅनेजर म्हणाला, उद्यापासून या.

आमचं फर्निचर म्हणजे आधीच भोकं पाडलेल्या प्लायच्या फळ्या. एका चपट्या खोक्यात अख्खं कपाट. दिसायला देखणं, खिशाला झेपणारं, घर बदललं की सुटं करून न्यायचं. कुणालाही जोडता येईल, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. येतंही. पण त्या ‘कुणालाही’ला वेळ नसतो, म्हणून वहिनी.

मिस्त्रींना या प्रकाराचा राग होता. बायको घरी आली की भिंतीकडे बघत विचारायचे, ‘झाली आजची भातुकली?’ दिवसाला चार घरं, त्यातल्या दोन ठिकाणी लिफ्ट नाही. उत्तर द्यायलाही अंगात त्राण लागतं.

असं दीड वर्ष गेलं. मग एका नर्सबाईंचा पलंग आला.

चौथा मजला. बाई रात्रपाळी करून नुकत्याच आलेल्या, अंगावर युनिफॉर्म तसाच. खोलीत एक खुर्ची, एक शेगडी आणि जमिनीवर गुंडाळलेली गादी. सात महिने खाली झोपतेय, पाठीची पार वाट लागली, असं त्यांनी सांगितलं. वहिनी खोकं फाडेपर्यंत त्या खुर्चीतच झोपून गेल्या. मान कललेली, एकाच पायात चप्पल.

वहिनींनी काढलेलं ड्रिल पुन्हा पिशवीत ठेवलं. सगळे स्क्रू हाताने पिळले. जिथे हातोडी मारायची तिथे तळहाताने ठोकलं. तासाभराच्या कामाला अडीच तास लागले, आणि शेवटी पलंगाखालचा एक खण काही केल्या बंद होईना. बोटभर बाहेरच. त्यांनी खण सरकायच्या पट्ट्या सोडवल्या, पुन्हा लावल्या. खण तसाच. पुढचं घर खोळंबलं होतं, मी दोनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा त्यांनी माझा फोन कापला आणि घरी लावला.

झोपलेल्या बाईमुळे कुजबुजत बोलावं लागलं, त्याने मिस्त्री आधी घाबरलेच. कुठे लागलं का, पडलीस का, हेच विचारत राहिले. वहिनींनी सांगितलं, अहो, खण बसत नाहीये.

“तिरकं माप घेतलंस?”

“नाही.”

“या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात घे. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही सारखी यायला हवीत.”

करंगळीएवढा फरक निघाला.

“फळ्या ठीक असतील. जमीन वाकडी आहे. चारही पाय टेकलेत का बघ.”

डोक्याकडचा डावा पाय अधांतरी होता. वहिनींनी खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सरकवली, स्क्रू थोडे सैल केले, चौकट गुडघ्याने दाबून सरळ केली आणि पुन्हा आवळलं. खण आत गेला.

गादी अंथरून त्यांनी नर्सबाईंच्या खांद्याला हात लावला. बाई उठल्या, डोळे न उघडताच चार पावलं चालल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. सहीचा कागद वहिनींच्या हातातच राहिला. त्यांनी पुन्हा उठवलं नाही, दार हळूच ओढून घेतलं.

सही नाही म्हणजे काम झालं नाही, असा आमच्याकडे नियम. मॅनेजर त्यांना बोलला. मीही बोललो, खोटं कशाला सांगू. चार दिवसांनी नर्सबाई स्वतः येऊन सही करून गेल्या, पण वहिनींना कुणी ‘चुकलं आमचं’ म्हटलं नाही.

पलंग जोडला त्या संध्याकाळी मात्र मिस्त्री भिंतीकडे बघत बसले नव्हते. प्लाय किती थरांचा, पाय कसे धरलेत, पट्टीचा स्क्रू केवढा, एकामागून एक विचारत राहिले. वहिनी सांगता सांगता बसल्या जागी झोपल्या. सकाळी चहा पुढे ठेवून ते म्हणाले, “ते जोडणीचे कागद घरी आणत जा.”

पुढे महिनाभराने ते वहिनींबरोबर निघाले. डाव्या हाताने स्क्रू वेगळे करतात, उजव्या मनगटाने फळी धरून ठेवतात. आता दोघांची मिळून पाच घरं होतात. गिऱ्हाइकं मिस्त्रींनाच विचारतात, दार नीट बसेल ना, वजन पेलेल ना. पाण्याचा ग्लासही आधी त्यांच्यापुढे. वहिनी म्हणाल्या, पहिल्यांदा राग यायचा, आता तेवढंही होत नाही. मिस्त्री दर वेळी तेच सांगतात, “मला काय विचारता? जोडतेय ती.”

परवा त्यांना सकाळची चिठ्ठी दिली. पाचवा मजला, लिफ्ट बंद, तीन दारांचं कपाट. वहिनींनी पत्ता वाचला, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. मिस्त्रींनी पिशवी आधीच खांद्याला अडकवली होती.